न वापरलेलं पातं

१

संस्थेत पोचलं की पहिलं काम चपला बदलायचं. व्हरांड्यात काळ्या काचेचे कपचे सांडलेले असत. ते तळव्यात रुतले की दिसत नाहीत, नुसते दुखत राहतात. मग खिडकीखालच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाची खोळ काढायची, भिंगं पुसायची आणि दुपारपर्यंत भाजी चिरायची.

"बी.एस्सी. झाली आणि भाजी चिरायला लागली," अण्णा घरी आल्यागेल्याला सांगायचा. "आणि घरी दुधी पुढे केला की हिचं डोकं दुखतं."

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ सुधींद्र. वडील गेल्यापासून बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या घरात त्याचाच शब्द चालतो. तो थट्टा करायचा, पण भाजीची गोष्ट काही खोटी नव्हती. संस्थेतले डॉक्टर खांबेटे पुण्याचे. ते अमेरिकेत शिकून आले होते आणि येताना एका पत्र्याच्या पेटीत माया लोकांच्या जुन्या गावातली पाती अभ्यासासाठी उसनी घेऊन आले होते. ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेची, बोटाएवढी पाती. शेकडो वर्षं मातीत पडून राहिली तरी कडेला धार होती. त्यांनी काय कापलं हे सांगायला कुणी उरलेलं नाही, पण काचेवर ओरखडे उरतात. लाकडाचे वेगळे, कातड्याचे वेगळे. म्हणून डॉक्टर तशाच काचेची नवी पाती काढायचे, आम्ही त्या पात्यांनी नाना वस्तू कापायचो आणि नवे ओरखडे जुन्यांशी भिंगाखाली ताडून पाहायचो. हाडं आणि कातडी डॉक्टरांकडे, कारण आमच्या घरचं सोवळं त्यांना ठाऊक होतं. लाकूड, वेत, घायपात, सुरण, दुधी माझ्याकडे.

मला ते काम आवडायचं. भिंगाला डोळा लावला की बाकीचं जग बंद होतं, आणि माझ्यासारखीला तेवढंच हवं असतं. दार आपटलं तरी मी दचकते. कुणी मागून "वसू" म्हटलं तरी हातातलं भांडं पडतं. अण्णाला ते माहीत होतं, म्हणून नोकरीला हो म्हणताना त्याने अट घातली होती.

"एकदा जरी तू तिथे ओरडलीस, किंवा काही दिसलं-ऐकू आलं असं कुणाला म्हणालीस, तर दुसऱ्या दिवसापासून घरी. अनुसूयाअत्याचं झालं तेवढं पुरे."

अत्या मागच्या खोलीत असते. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. एके दिवशी तिने भर वर्गात सांगितलं की लिहिताना हातातला खडू कुणीतरी फळ्याच्या आतून ओढतंय. एवढंच. त्यानंतर तिला देवळात जायलाही कुणाची सोबत लागते, आणि सोबत यायला कुणालाच वेळ नसतो.

२

मला सुरी धरता येत नाही. आमच्याकडे सगळं विळीवर. पाय मुडपून बसायचं, पातं समोर उभं, आणि भाजी दोन्ही हातांनी पुढे न्यायची. डॉक्टरांनी काचेचं पातं हातात दिलं की ते घसरायचं, बोट कापायचं. म्हणून एकदा ते म्हैसूरला गेले असताना मी सुताराकडून दोन लाकडी ठोकळे करून घेतले, त्यात खाच पाडून पाती उभी बसवली आणि एकावर आरामात दुधी चिरला.

डॉक्टर परत आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"मिस वसुमती, हे काय? आठवडाभराचं एक्सपेरिमेंट गेलं पाण्यात."

"सर, विळीसारखं बसवलं. हात कापत नाही."

"अहो, माझी आईसुद्धा विळीवरच चिरते. म्हणून माया लोक पाटावर बसून दुधी चिरत होते काय? आता कढीपत्ताही आणा, फोडणीच देऊ."

मला रडू यायला लागलं होतं. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि ते पातं ठोकळ्यासकट भिंगाखाली ठेवलं. मग पेटीतलं एक जुनं पातं काढलं. ते पहिल्यापासून आम्हाला छळत होतं. हातात धरून वापरलेल्या पात्याची एक बाजू जास्त घासते आणि पकडीच्या जागी बोटांचा बोथटपणा येतो. या पात्यावर पकडच नव्हती. ओरखडे दोन्ही अंगांना सारखे, वरून खाली तिरपे उतरलेले. माझ्या विळीवर तसेच पडले होते.

डॉक्टर आलटून पालटून दोन्हीकडे पाहत राहिले.

"म्हणजे हे कुणी हातात धरलंच नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "पातं जागच्या जागी उभं होतं. जे काही कापलं गेलं, ते त्याच्याकडे आलं."

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या चुकीने एक कोडं सुटलं होतं. पण 'त्याच्याकडे आलं' हे शब्द त्यांनी ज्या सावकाशीने उच्चारले, त्याच सावकाशीने ते माझ्या डोक्यात फिरत राहिले. दुधी मी नेला होता. तो आला नव्हता.

३

त्यानंतर सगळं काम त्या एका पात्यामागे लागलं. ओरखड्यांची तऱ्हा जुळली होती, झिलई जुळत नव्हती. प्रत्येक वस्तू काचेवर आपली वेगळी चमक ठेवते. जुन्या पात्यावरची चमक दुधाच्या सायीसारखी मऊ आणि जाड होती. लाकडाची तशी नसते, पाल्याचीही नसते.

दुसऱ्या ठोकळ्यातलं पातं डॉक्टरांनी नमुन्यासाठी ठेवायला सांगितलं. नवंकोरं, काहीही न कापलेलं. वापरलेलं पातं बदललंय की नाही, हे कळायला न बदललेलं एक शेजारी लागतं. त्यावर मी काचेची हंडी पालथी घातली आणि आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. त्या खोलीच्या तावदानांना युद्धाच्या वेळचा काळा कागद अजून चिकटलेला होता. दुपारीही तिथे संध्याकाळ असायची.

अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे दिवस होते. सगळ्या बेंगळुरूला सोललेल्या शेंगांचा वास येत होता, आणि मीही त्या दिवशी शेंगांच्या साली चिरल्या होत्या. ताडून पाहायला नमुन्याचं पातं आणलं, भिंगाखाली ठेवलं आणि चूक झाली असं वाटून बाजूला सारलं. वापरलेलंच उचललं असणार. दुसरं घेतलं. त्यावर सालींचा हिरवट रस होता. मग पहिलं पुन्हा घेतलं.

न वापरलेल्या पात्यावर ओरखडे होते. थोडे, पण दोन्ही अंगांना सारखे, वरून खाली उतरलेले.

४

"तुम्हीच चिरलं असेल काहीतरी," डॉक्टर म्हणाले. "विसरला असाल."

"नाही सर."

"ठोकळे सारखेच दिसतात हो. त्यात एवढं काय? दुसरं पातं बसवू."

दुसरं बसवलं. त्याच्या ठोकळ्याला मी लाल दोरा बांधला. डॉक्टरांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. माझे दोन दिवस सुटीचे गेले. सोमवारी त्यांनी स्वतः कुलूप उघडलं, मी ठोकळा भिंगाखाली ठेवला. ओरखडे होते. मागच्यापेक्षा जास्त.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नुसतं "ठीक आहे, सर" म्हटलं. दोनदा तेच सांगितलं की पातं चर्चेत राहत नाही, आपण राहतो. मी शांतपणे विचार करायचं ठरवलं. काच आपोआप घासत नाही. कुलपाच्या आत कुणी जात नाही. म्हणजे किल्ली दुसऱ्या कुणाकडे तरी आहे, किंवा मी ज्याला नवं म्हणते ते पातं नवं नाही, किंवा मी हे सगळं करते आणि मला आठवत नाही. तिसरं मी मनात म्हटलं मात्र, आणि उठून व्हरांड्यात गेले.

झाडायला येणारी यल्लव्वा व्हरांड्यात कपचे गोळा करत होती.

"यल्लव्वा, आतल्या खोलीत कुणी येतं का गं? मी नसताना?"

"कोण येणार अक्का? तुम्हीच बसता की दुपारी. ईळगेमणीपुढं, त्या विळीपुढं. पाठ करून."

"मी टेबलापाशी बसते. आतल्या खोलीत नाही."

"आता काय सांगू बाई," ती हसली. "आत अंधार, स्वल्प कमीच दिसतं मला. पण चिरल्याचा आवाज येतो ना. तुमच्याशिवाय कोण चिरणार? ते साहेब?"

"कधी ऐकलंस?"

"काल की परवा."

"काल रविवार होता. बंद होतं सगळं."

"मग परवा," यल्लव्वा म्हणाली आणि झाडू आपटून पुढे गेली. तिच्यासाठी तो विषय एवढाच होता.

परवा शनिवार. शनिवारी मी एकादशी म्हणून आलेच नव्हते. नक्की? उपास केल्याचं आठवतं, साबुदाणा आठवतो, पण तो त्याच एकादशीचा की आधीच्या, हे ठरवायला बसले आणि ठरेना.

५

मग मलाही आवाज यायला लागला.

मोठा नव्हता. भर दुपारी, गिरणीचा भोंगा वाजून गेल्यावर रस्ता शांत होतो तेव्हा. सर्र. मग थोडी जागा. मग पुन्हा सर्र. पिकलेलं काही पात्यावरून अलगद उतरावं तसा. मी मान वर केली की थांबायचा. डोळा भिंगाला लावला की सुरू.

घूस असेल, म्हणून मी स्वतःला समजावलं. कागदाआड वारा असेल. माझ्याच कानात रक्त वाजत असेल, दचकणाऱ्या माणसांना ते जास्त ऐकू येतं. तिन्ही कारणं चांगली होती. मी तिन्ही एकाच वेळी मानत होते, यावरूनच मला कळायला हवं होतं.

डॉक्टर मात्र खूश होते. लेख लिहायला घेतला होता. फक्त ती सायीसारखी झिलई कशाने येते एवढंच त्यांना हवं होतं. बकऱ्याचं कातडं झालं, ओलं हाड झालं, मासा झाला, मेण झालं. काहीच जुळेना. आणि मी एकटीच जाणत होते की ती झिलई आता आमच्या कपाटात आहे. किल्ली मागून मी पाहायचे तेव्हा कुलपातल्या न वापरलेल्या पात्यावर ती दिवसागणिक दाट होत होती.

घरी अत्याचा चहा घेऊन गेले तेव्हा राहवलं नाही.

"अत्या, तो खडू खरंच ओढला जायचा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचं पाहणं अगदी बाईंचं आहे अजून, धडा न केलेल्या मुलीकडे पाहावं तसं.

"ओढला जायचा की नाही, ते कुणी विचारलंच नाही गं," ती म्हणाली. "मी सांगितलं, एवढंच सगळ्यांनी धरलं." मग पेला माझ्या हातात देऊन हळूच म्हणाली, "तुला काही सांगायचं असेल तर मला सांग. म्हणजे कुणालाच सांगितल्यासारखं होणार नाही."

मी सांगितलं नाही. दारात अण्णा उभा होता.

"काय चाललंय दोघींचं?"

"काही नाही. चहा."

"चेहरा बघ तुझा. झोपत नाहीस काय? वसू, खरं सांग हं मला."

"झोपते की, अण्णा."

६

शनिवारी अर्धा दिवस. डॉक्टर कातडीवाल्याकडे गेले होते आणि किल्ली मला देऊन गेले होते. मी ठरवलं, आज याचा निकाल लावायचा. एक नवं पातं घेतलं, डॉक्टरांनी सकाळीच माझ्यादेखत काढलेलं. नव्या ठोकळ्यात बसवलं. कपाटात ठेवलंच नाही. सरळ भिंगाखाली ठेवलं, खिडकीच्या भरपूर उजेडात, आणि डोळे लावून बसले. माझी नजर चुकवून कुणी येणार नाही. आणि मी स्वतःच करत असेन, तर तेही मला दिसेल.

भिंगातून धार एखाद्या डोंगराच्या कड्यासारखी दिसते. काळी, चकचकीत, वर उजेडाची पांढरी रेघ. एकही ओरखडा नव्हता. मी दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ठेवले होते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, मी दचकले, पण डोळा काढला नाही.

सर्र.

आवाज आतल्या खोलीतून आला नाही. भिंगाखालून आला.

धारेवर एक टिंब उमटलं. केसाच्या टोकाएवढं. मला वाटलं, धूळ. मग ते टिंब लांबायला लागलं. सावकाश, न थांबता, वरून खाली, तिरपं. मऊ काहीतरी धारेवर टेकवून कुणी हलकेच खाली दाबावं, तशी धार किंचित वाकली आणि पुन्हा सरळ झाली. पात्याच्या पलीकडे काही नव्हतं. अलीकडेही नव्हतं. रेघ पुरी झाली, आणि तिच्या कडेने ती सायीसारखी चमक ओल्यासारखी पसरत गेली. मग शेजारी दुसरं टिंब.

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो.

डोळा काढला तेव्हा माझा डावा हात टेबलावर होता. मांडीतून कधी सुटला ते मला माहीत नाही. तर्जनी ताठ, बाकीची बोटं मुडपलेली, दुधीचा शेवटचा तुकडा पुढे नेताना धरते तशी. पात्यापासून तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. मी तो नेला नव्हता. तो आला होता.

मी उजव्या हाताने मनगट धरून तो मागे ओढला. तो सहज आला. त्याला काही वाटत नव्हतं.

७

डॉक्टर परतले तेव्हा मी दाराशी उभी होते.

"सर, तुम्ही बघा. मी काही सांगत नाही. तुम्हीच बघा."

त्यांनी काखेतली गुंडाळी ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बसले. मी त्यांच्या खांद्यांकडे पाहत होते. पहिल्यांदा ते सैल होते. मग ताठ झाले. मग तसेच राहिले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता मी एकटी नव्हते. अमेरिकेत शिकलेल्या माणसाने पाहिलं की ते पाहिलेलं असतं. अण्णाला ते सांगतील, आणि मग मी अत्यासारखी नाही हे कागदावर सही करून घेतल्यासारखं होईल.

"दिसतंय ना, सर? लांबतंय ना?"

त्यांनी भिंगाचा स्क्रू किंचित फिरवला.

"सर?"

"काही नाही," ते म्हणाले. डोळा भिंगालाच होता. "काहीही नाहीये इथे."

"पण तुम्ही—"

"मी म्हटलं ना, काही नाही!"

फाटकात स्कूटर थांबली. शनिवारी अण्णा कचेरीतून परस्पर मला न्यायला येतो. डॉक्टर असे उठले की खुर्ची पडली. ते माझ्या आधी व्हरांड्यात गेले. चष्मा अजून कपाळावरच होता.

"तुमची बहीण हुशार आहे हो, सुधींद्रराव," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "पण नर्व्हस फार. डोळ्यांवर ताण पडतो ना या कामात. कधी काय वाटतं, कधी काय दिसतं. जरा रेस्ट द्या."

अण्णाचा चेहरा उतरला. मला त्याचा राग परवडला असता, पण तो रागावला नाही. अत्याच्या खोलीत जेवणाचं ताट ठेवताना तो जसा दिसतो, तसा दिसला.

"काय गं वसू? दिसलं काय तुला?"

डॉक्टर फरशीकडे पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी हो म्हटलं असतं, तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि दोघांपैकी कुणाचं धरायचं हे ठरलेलंच होतं.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "डोळे दुखतात थोडे. बाकी काही नाही."

डॉक्टरांनी श्वास सोडला. मान हलवली. माझ्याकडे न पाहता आत गेले.

मी चपला बदलल्या आणि फाटकापाशी आले. अण्णा स्कूटर वळवत होता. फाटकातून खिडकी सरळ समोर दिसते. डॉक्टर परत टेबलाशी बसले होते. डोळे भिंगाला लावलेले, पाठ वाकलेली, अगदी शांत, रोज बसतात तसे. त्यांचा उजवा हात टेबलावर होता आणि तो पुढे सरकत होता. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. तर्जनी ताठ होती. बाकीची बोटं मुडपलेली. भाजी पुढे न्यावी तसा सावकाश, ठोकळ्याच्या दिशेने.

माझं तोंड उघडलं. एक हाक पुरली असती. "सर!" एवढीच. ते दचकले असते, हात मागे गेला असता.

"काय बघतेस?" अण्णाने विचारलं.

तो माझ्याकडे पाहत होता. टक लावून, वाट पाहत, ही आता ओरडते की काय अशा नजरेने.

"काही नाही," मी म्हणाले, आणि स्कूटरवर बसले.

त्याने किक मारली. इंजिनाच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

कोपरा वळल्यावर तो मोकळा झाला. मान मागे वळवून हसला.

"मी घाबरलोच होतो, खरं सांगू? तो माणूस तसं बोलला तेव्हा मला वाटलं, झालं, आता ही रडणार, काहीतरी सांगणार. पण कशी शांत उभी राहिलीस! सरी, ठीक आहे, माझी अट मी मागे घेतो. सोमवारपासून खुशाल जा. रोज जा. शहाणी झालीस तू, वसू."